सोवळ्याची झंडी

"लाल रेशमाची कांडी, भरते मी गं बाई,
हिला नेसेल जी कुणी, तिचं खोटं झाकणार नाही."

मित्रांनो, हा आवाज मी ऐकला तेव्हा मला काठ नव्हते, पदर नव्हता, नावही नव्हतं. मी नुसते धागे होते. येवल्याच्या एका माडीवर, मागाशेजारी बसून एक बाई कांड्या भरायची आणि गुणगुणायची. तिचा चेहरा मला आठवत नाही. आवाज मात्र माझ्या ताण्याबरोबर विणला गेला, तो गेलाच.

मी एक जुनी सोवळ्याची साडी आहे. नऊवारी, डाळिंबी लाल, काठाला पिवळी करवत. आज माझे तुकडे झालेले आहेत, पण त्याचं रडगाणं मी गाणार नाही. मी तुम्हाला माझ्या सुडाची गोष्ट सांगणार आहे. रेशमाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, किड्याला उकळत्या पाण्यात टाकून ज्याचा जन्म होतो, त्याला राग नसेल तर कुणाला असेल?

सोवळ्याची साडी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. मी लग्नात मिरवायची नाही, फोटोत यायची नाही. सणाच्या दिवशी देवाचा नैवेद्य रांधायचा, तेवढ्यापुरतीच मी अंगावर. आदल्या दिवशी मला धुवायचं, काठीने उंच वाळत घालायचं, आणि सकाळी आंघोळ केलेल्या बाईने मला नेसून थेट चुलीपाशी उभं राहायचं. मधे कुणी शिवायचं नाही. मुलाने नाही, नवऱ्याने नाही, शेजारणीने तर नाहीच. कुणी शिवलं की मी ओवळी. इतर साड्यांच्या पदराला मुलं तोंड पुसतात, पदराआड लपतात. माझ्या पदराला फोडणीच्या धुराखेरीज कुणी कधी बिलगलं नाही.

सरोजिनीबाईंना मी त्यांच्या आईने लग्नात दिली. त्यांचे यजमान पद्माकरराव बँकेत. बँकेने त्यांना सिंगापूरला पाठवलं आणि सरोजिनीबाईंच्या बॅगेत, पुरणयंत्राच्या शेजारी, मीही आले. बिशानच्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड थाटलं. इथे खिडकीबाहेर लांब बांबू खोचून त्यावर कपडे वाळत घालतात. सरोजिनीबाईंना वाटलं, देवानेच सोय केली! काठीही झाली आणि उंचीही झाली. पण वरच्या मजल्यावरच्या चिनी आंटीची जीनची पँट नेमकी माझ्यावर ठिबकायची. एकदा सरोजिनीबाई तरातरा वर गेल्या.

"आंटी, युवर पँट इज ड्रिपिंग ऑन माय गॉड सारी!"

आंटी हसत म्हणाली, "आय्या, वॉटर ओन्ली लाह! युवर गॉड नेव्हर बाथ, मेह?"

सरोजिनीबाई लालबुंद होऊन खाली आल्या आणि मला पुन्हा धुतलं. मात्र त्यानंतर गौरी-गणपतीच्या दिवसांत आंटी आपले कपडे घरातच वाळत घालू लागली. नैवेद्याच्या दोन पोळ्या दरवर्षी वर जाऊ लागल्या. ते माझे मानाचे दिवस. बिशानमधल्या मराठी बायका गौरीच्या जेवणाला यायच्या आणि म्हणायच्या, "सरोजिनी, तुझ्या पोळीला काय सुवास असतो गं! सोवळ्यातला स्वयंपाक वेगळाच." तेव्हा मी आतल्या खोलीत वाळत असायची आणि ऐकायची.

मग त्यांच्या राजसचं लग्न झालं. मुलगी धनमती. नाव आपल्याकडचं वाटतं ना? पण ती त्रिनिदादची. तिच्या पणजोबांचे आजोबा उसाच्या मळ्यांत राबायला आगबोटीने तिकडे गेले, ते परतलेच नाहीत. तिला सगळे डॅनी म्हणत. ती सिंगापूरला एका जहाज कंपनीत होती. उंच, सावळी, हसली की सगळं घर हसायचं. आल्या आल्या ती सरोजिनीबाईंना म्हणाली, "मम्मी, आम्ही पण आजीला आजीच म्हणतो. आजा आणि आजी."

सरोजिनीबाईंना ते आवडलं. पण वरून त्या एवढंच म्हणाल्या, "हो का?"

गौरी आल्या. डॅनीने जिऱ्याला 'गीरा' म्हणत म्हणत, डाळ शिजवून वाटली, कणकेच्या उंड्यात भरली आणि मोठी मऊ रोटी लाटली. तिच्याकडे तिला दालपुरी म्हणतात. "सेमच आहे, मम्मी. तुम्ही गूळ घालता, आम्ही गीरा. उद्या गौरीच्या पानात माझी एक ठेवू? माझी आजी ठेवायची. पूजा झाली की ती अंगणात बांबूवर लाल झंडी लावायची आणि पहिली पुरी झंडीखाली."

"बघू उद्या," सरोजिनीबाई म्हणाल्या. 'नाही' म्हणाल्या नाहीत, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांबूवर वाळत होते. सरोजिनीबाई आंघोळीला गेल्या होत्या. इथला पाऊस सांगून येत नाही. ऊन होतं आणि दुसऱ्या क्षणी धो धो सरी. पद्माकरराव खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. माणूस भला, पण बायकोला इतका वचकून असायचा की घरात खोकायचं झालं तरी आधी दाराकडे बघायचा. त्यांनी पेपर टाकला, बांबू आत ओढला आणि मला काढून घेतलं. दोन्ही हातांनी, छातीशी धरून.

मित्रांनो, खरं तर मी भिजले असते तर काहीच बिघडलं नसतं. ओलेत्याचं सोवळं तर सगळ्यात कडक. पण पुरुषाला हे कोण सांगणार? आपण काय करून बसलो हे त्यांना माझा ओलावा हाताला लागल्यावर कळलं. तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली. समोर डॅनी उभी होती. पद्माकररावांनी मला तिच्या हातात कोंबलं आणि पेपर उचलून तोंडासमोर धरला.

हे असं झालं. मी स्वतः तिथे होते.

जरा वेळाने सरोजिनीबाई आत आल्या. डॅनीच्या हातात मी. त्या म्हणाल्या, "ठेव ती खाली. आता तिचं पोतेरं झालं."

"मम्मी, रेन आला..."

"पाऊस आला म्हणून सोवळ्याला हात लावतं का कुणी? आमच्याकडे जन्मलेल्या पोरीला सांगावं लागत नाही. पाच पिढ्या उसात गेलेल्यांना काय कळणार म्हणा!"

बाहेरच्या खोलीत गौरीची आरास करायला आलेल्या पाहुण्या बायका जमल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. स्मिता नावाची एक बाई तर उठून दारापर्यंत आली. डॅनीने सासऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पेपरमागून पांढरे केस तेवढे दिसत होते. पेपर खाली झाला नाही.

"सॉरी, मम्मी," डॅनी म्हणाली. तिच्याकडे सासऱ्याविरुद्ध तोंड उघडत नाहीत, आणि इथे तर ती नवी नवरी. तिची दालपुरी गौरीच्या पानात गेली नाही. ती डब्यात वाळली.

त्या दिवसापासून मला सूड हवा होता. सरोजिनीबाईंवर नव्हे. त्या बोलल्या ते वाईटच, पण त्यांना खरं ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालले. मला सूड हवा होता तो पेपरमागच्या माणसावर. ज्याला एक वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलवलं नाही. ज्याच्या गप्प बसण्याने मी ओवळी झाले आणि एक पोर परकी झाली.

मला कपाटाच्या वरच्या खणात टाकून दिलं. सरोजिनीबाईंनी नवी सोवळ्याची साडी आणली. मी अंधारात पडून गुणगुणायला शिकले.

"खणामध्ये अंधार, अंधाराला नाही दार,
बोलला नाही जो कुणी, त्याला मी नाही सोडणार."

एकदा पद्माकरराव पासपोर्ट शोधायला कपाटात हात घालत होते. मी हळूच सरकले आणि बदाबदा त्यांच्या डोक्यावर पडले. नऊ वार! त्यांना दिसेनासं झालं. "अगं आई गं," करत ते खाली बसले. मला हातात घेऊन पुष्कळ वेळ तसेच बसून राहिले. मी वाट पाहिली. आता उठतील, स्वयंपाकघरात जातील, बोलतील. त्यांनी माझी नीट घडी केली आणि मला होते तिथे ठेवून दिलं. पोथी ठेवावी तसं, हलकेच. मला त्या हलक्या हाताचा जास्तच राग आला.

डॅनीचा सूड माझ्याहून धारदार निघाला. राजस आणि ती सिंगापुरातच, हौगांगला, वेगळे राहायला गेले. इरा झाली. सण आला की ती बिशानला यायची, पण काळी पँट आणि कामावरचा शर्ट घालून, आणि त्या घरात घासभरसुद्धा खायची नाही. पानं मांडली जायची, तूप वाढलं जायचं, आणि ती हसून म्हणायची, "आय एट ऑलरेडी, मम्मी."

मित्रांनो, मराठी घरात सणाच्या दिवशी सून पानावर बसत नाही, यासारखी दुसरी चपराक नाही. सरोजिनीबाई लोकांना सांगत, "डाएट आहे तिचं." पण डॅनी ते वाक्य बोलताना त्यांच्याकडे बघायचीच नाही. ती सासऱ्याकडे बघायची. पद्माकररावांचा हात वरण-भातात तसाच राहायचा.

राजसने एकदा गाडीत विचारलं, "डॅनी, एक घास खाल्लास तर काय होईल? किती वर्षं हे?"

"तो बोलेल त्या दिवशी जेवेन."

"कोण तो?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मागच्या सीटवर इरा होती, हे मला तिच्याकडून कळलं. ती मला कशी भेटली, ते आता सांगते.

यंदा सरोजिनीबाईंनी घराला रंग द्यायचं ठरवलं. जुने कपडे पिशवीत भरले आणि राजसला म्हणाल्या, "हे खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाक जाता जाता." त्या पिशवीत मी होते. राजस विसरला. पिशवी त्याच्याबरोबर हौगांगला गेली. घरी इराने ती उपडी केली, मला ओढून बाहेर काढलं आणि अंगाभोवती गुंडाळून घेतलं. डोकं, नाक, पाय, सगळं माझ्यात! गुदगुल्या झाल्यासारखी ती हसत होती. "सो सॉफ्ट!" ती म्हणाली आणि मला गाल घासला. मित्रांनो, मी किती जुनी, आणि पोराचा गाल मला तेव्हा पहिल्यांदा लागला. मी त्या क्षणी सूडबीड सगळं विसरले असते.

पण डॅनी दारात उभी होती. तिने मला ओळखलं.

"ओह," ती म्हणाली. "तू?"

तिने मला फोनवर त्रिनिदादच्या आईला दाखवलं. आईने काय केलं असेल? हात जोडले. "लाल रेशीम! पूजेचं कापड! ते कचऱ्यात कसं, बेटी?"

"त्यांनी टाकलं, मा."

"मग तू वर लाव."

डॅनीने कात्री आणली. मला दुखलं, खोटं का बोलू? पण ती कापताना ओठ घट्ट मिटून होती, आणि प्रत्येक कापाआधी मला कपाळाला लावत होती. माझ्या मोठ्या भागाची इराला ओढणी झाली. पदराची त्रिकोणी झंडी झाली. मारुतीची लाल झंडी. डॅनीने दिवा लावला, हलवा केला, दालपुरी केली, आणि कपडे वाळत घालायच्या बांबूला मला बांधून खिडकीबाहेर खोचलं. पहिली पुरी माझ्याखाली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"दिसू दे त्याला," ती पुटपुटली. "रोज इराला सोडायला येतो. मान वर केली की दिसू दे."

खरंच, पद्माकरराव रोज इराला शाळेच्या बसवरून घेऊन यायचे. आजा-नातीची जोडी हातात हात घालून, खालच्या दुकानातून सोयाबीनचं दूध पीत यायची. त्या दिवशी त्यांनी मान वर केली. मी वाऱ्यावर सोडलेली, अंगभर ऊन, सगळ्यांना दिसेल अशी. मी फडफडले. जेवढी ताकद होती तेवढी सगळी लावून फडफडले. ते जागच्या जागी थांबले. इरा म्हणाली, "आजोबा, कम लाह, व्हाय यू स्टॉप?" ते वर आलेच नाहीत. इराला लिफ्टमध्ये सोडून परत गेले. पळपुटे!

पण हौगांगला आता ती स्मिताही राहत होती. तिने खालून फोटो काढला आणि सरोजिनीबाईंना पाठवला. 'ही तुझी सोवळ्याची साडी ना गं? काठ ओळखीचे वाटले!'

रविवारी दुपारी दोघं आली. सरोजिनीबाई चपला न काढताच आत घुसल्या, इतक्या त्या संतापल्या होत्या. पद्माकरराव त्यांच्यामागे.

"माझ्या आईची साडी! देवाच्या साडीचा झेंडा केलास? फाडलीस?"

डॅनी डायनिंग टेबलापाशी बसली होती. तिच्यासमोर दालपुरीचं ताट. "बसा, मम्मी. झेंडा नाही, झंडी. आमच्याकडे पूजा झाल्याची खूण. तुम्ही तिला टाकली. मी वर लावली."

"ओवळी झाली होती ती! तुझ्या हाताने!"

"हो ना," डॅनी म्हणाली. "माझ्या हाताने. मग माझीच झाली."

"आई, प्लीज," राजस मधे पडला.

"तू गप्प बस! हिला काय शिकवलंस तू? सणाला बोलावलं तर पाणी पीत नाही, आणि माझ्या साडीच्या चिंध्या..."

"मम्मी, आणखी एक सांगायचं आहे." डॅनीचा आवाज अगदी थंड होता. तसा थंड आवाज मला माझ्यात मुरवता आला असता तर! "कंपनी मला त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनला पाठवतेय. मी हो म्हणाले. डिसेंबरमध्ये आम्ही जातोय. इरा तिथे शाळेत जाईल. तिच्या हाताला तिथे कुणी नावं ठेवणार नाही."

इरा ओढणी गुंडाळून सोफ्यावर बसली होती. तिला एवढंच कळलं की आजोबांच्या डोळ्यांतून पाणी येतंय. ती धावत गेली. "आजोबा, डोन्ट क्राय लाह. यू कॅन कम ऑल्सो."

डॅनीने सासऱ्याकडे पाहिलं. तेच पाहणं. तेव्हा पेपर होता. आता मधे काही नव्हतं.

मित्रांनो, मी खिडकीबाहेर होते. इतकी वर्षं या घडीसाठी जगले होते. मला वाटलं होतं, त्यांची फजिती होईल तेव्हा मी आनंदाने नाचेन. मी नाचत होते, पण तो वारा होता. एवढंच मागणं आहे तुमच्याकडे. कपड्याला जपता तसं माणसाच्या नावाला जपा. साडी ओवळी झाली तर धुता येते. तुम्ही गप्प बसल्यामुळे जो माणूस डागाळतो, त्याला तुम्ही नाही धुतलंत तर कोण धुणार? आणि जमलं तर लवकर धुवा. वाट पाहत पडलेल्या कापडाला घडीवर चिरा जातात.

"अगं," पद्माकरराव म्हणाले. इराचा हात त्यांनी घट्ट धरला होता. "त्या दिवशी... गौरीच्या दिवशी... पाऊस आला ना, तेव्हा साडी हिने नव्हती काढली. मी काढली. आणि तुझी चाहूल लागली म्हणून हिच्या हातात दिली."

राजसने बापाकडे असं पाहिलं की मला त्या म्हाताऱ्याची कीव आली. आली, हे लपवत नाही. डॅनीने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. मग तिने ताटातली दालपुरी उचलली, तुकडा मोडला, आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास खाल्ला.

आता सरोजिनीबाई कडाडणार, नवऱ्याला फाडून खाणार, म्हणून मी काठीला घट्ट धरून राहिले. पण त्या नवऱ्याकडे वळल्याच नाहीत. त्यांनी वाकून पायातल्या चपला काढल्या, दाराशी नेऊन ठेवल्या, आणि येऊन सुनेसमोरच्या खुर्चीत बसल्या. त्यांचा सगळा आवेश कुठे गेला कोण जाणे. हात टेबलावर उताणे पडले होते.

"धनमती," त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला पूर्ण नावाने हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "राजसने तुला आणलं, मला न विचारता. माझ्या मनात ते सलत होतं. मला तुझ्यावर ओरडायला काहीतरी हवंच होतं."

"म्हणजे?" राजसने विचारलं.

सरोजिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या सुनेच्या हातातल्या अर्ध्या पुरीकडे बघत होत्या.

"मी आधीच बाहेर आले होते. दारातच उभी होते. यांनी साडी तुझ्या हातात कोंबली, ते मी बघितलं होतं."